सरांच्या पुस्तकांसोबत : फोंडा, रायतूर, पणजी, आसगाव

शुक्रवार : मडगाव ते फोंडा

आमचे शाळेतले सर गेल्या श्रावणात गेले. वर्षश्राद्ध येण्यापूर्वी, आणि त्याहूनही निकडीचे म्हणजे मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी, त्यांची पुस्तके योग्य ठिकाणी पोचवावीत अशी काकींची, म्हणजे सरांच्या पत्नींची, इच्छा होती. गोव्याच्या पावसात बंद कपाटातल्या पुस्तकांचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही घाई समजेल. एका चातुर्मासात पुठ्ठ्यांवर बुरशी चढते, आणि वाळवीला तर तेवढाही अवधी लागत नाही. सर होते तोवर दर वर्षी पाऊस ओसरला की पुस्तके ओटीवर काढून त्यांना ऊन दाखवण्याचा नेम होता. गेल्या वर्षी तो चुकला. काकींनी फोंड्यात वकिली करणाऱ्या माझ्या वर्गमित्राला निरोप दिला, त्याने मला पुण्याला फोन केला, आणि मे महिन्याच्या मध्यावर मी गोवा एक्स्प्रेसने निघून पहाटे मडगावला उतरलो. दूधसागरचा घाट काळोखातच मागे पडला होता, त्यामुळे प्रवासात सांगण्याजोगे काही घडले नाही.

मडगावहून फोंड्याला जाणारी कदंबची बस बोरीच्या पुलावरून झुवारी ओलांडते. या नदीच्या अलीकडे सासष्टी आणि पलीकडे फोंडा, आणि हा फरक केवळ महसुली नाही. सासष्टी आणि बार्देश हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले. फोंडा मात्र १७६३ मध्ये, सोंद्याच्या राजाच्या ताब्यातून त्यांच्याकडे आला. मधल्या दोन शतकांत सासष्टीतील कितीतरी देवस्थाने रातोरात नदी ओलांडून फोंड्याच्या बाजूला आली, आणि त्यांच्याबरोबर कीर्तन, पुराण, बखर आणि मोडी शिकवणारा पंतोजीही आला. सरांचे मराठी या परंपरेतले होते. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासात, भरणाऱ्या खासगी मराठी शाळेत त्यांनी धुळपाटीवर अक्षरे गिरवली. त्याच सुमारास ते गावातल्या पोर्तुगीज शाळेत ‘प्रिमैर ग्राव’ आणि ‘सेगुंद ग्राव’ या प्राथमिक शिक्षणाच्या परीक्षा देत होते. सकाळी एक भाषा आणि दुपारी दुसरी, घरी कोकणी आणि आजोबांच्या तोंडी संस्कृत श्लोक, अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला भाषा हा अभिमानाचा किंवा भांडणाचा विषय होऊ शकतो हे फार उशिरा कळले असावे.

घरी पोचलो तेव्हा काकी ओटीवरच बसल्या होत्या. “येयात, बसात,” एवढे बोलून त्या आत गेल्या आणि पेज, तोरांचे लोणचे आणि भाजलेला पापड घेऊन आल्या. दुपारी वकील आला. आम्ही कपाटे उघडली, वासावरूनच कामाचा अंदाज आला, आणि ती पुन्हा बंद केली. कामाला दुसऱ्या दिवशी पहाटे उन्हे तापण्याआधी लागायचे ठरले.

शनिवार : फोंडा

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजायच्या आत आम्ही पहिले कपाट ओटीवर रिकामे केले होते. सरांची पुस्तके विषयवार लावलेली नव्हती आणि भाषावारही नव्हती. प्रथमदर्शनी तो नुसता गोंधळ वाटला. मग हळूहळू लक्षात आले की जी पुस्तके त्यांनी एका वेळी वाचली ती शेजारी होती. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला लागून एक पोर्तुगीज कोश, त्याला लागून ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत, आणि तिच्या अंगाला फ्रेंच व्याकरणाचे पाठ्यपुस्तक. हा क्रम मोडायचा नाही असे वकिलाचे मत पडले. मोडावा लागणारच, कारण कोणतेही ग्रंथालय पुस्तके अशी ठेवून घेणार नाही, हे माझे मत. शेवटी आम्ही प्रत्येक कपाटाचे कप्प्याकप्प्याने फोटो काढून ठेवले आणि कामाला लागलो. धाकट्या खोलीतले कपाट मात्र काकींनी उघडूच दिले नाही. त्यात कादंबऱ्या होत्या आणि त्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. “ते माझे. त्यांनी त्यातले एकही पूर्ण वाचले नाही,” असे त्यांनी सांगितले, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

सरांच्या आयुष्याची बाह्य हकीकत थोडक्यात सांगता येते. ‘सेगुंद ग्राव’ झाल्यावर ते पणजीला नातेवाइकांकडे राहून लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकले. ते शिक्षण पुरे होत असतानाच १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि ज्या भाषेत त्यांनी गणित, इतिहास, तर्कशास्त्र सारे शिकले होते ती भाषा काही महिन्यांत कचेऱ्यांतून आणि शाळांतून निघून गेली. त्या पिढीतील अनेकांनी हे मनाला लावून घेतले, काहीजण लिस्बनला गेले, काहीजण उर्वरित आयुष्य कडवटपणे बोलत राहिले. सरांनी १९६२ मध्ये पणजीत नुकत्याच सुरू झालेल्या धेंपे महाविद्यालयात नाव घातले. गोव्यातील महाविद्यालये तेव्हा मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. मराठी घेऊन ते पदवीधर झाले, आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी शाळा काढण्याचा धडाका लावला होता त्या वर्षांत फोंड्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षक म्हणून लागले. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. मुख्याध्यापकपद त्यांच्याकडे चालून आले तेव्हा त्यांनी ते नाकारले, कारण त्या पदावर बोलावे फार लागते.

सर कमी बोलत, हे त्यांच्याविषयी बोलताना प्रत्येकजण प्रथम सांगतो. परंतु वर्गात त्यांचा आवाज पुरेसा असे. नवा धडा घेताना ते कोणतेही स्पष्टीकरण न देता तो आधी पूर्ण वाचून दाखवीत. गद्य असले तरी त्यातला विराम आणि आघात असा नेमका येई की निम्मा अर्थ तिथेच लागून जाई. कानाने जो उतारा स्वीकारलेला नाही तो फळ्यावर समजावून काही उपयोग नाही, अशी त्यांची धारणा होती. आम्ही मुले मध्येच काही विचारू लागलो तर ते हाताने थांबवीत आणि वाचन पुढे चालू ठेवीत. पहिले काही दिवस आम्हाला हे विचित्र वाटले. नंतर इतर शिक्षकांचे तास विचित्र वाटू लागले.

त्यांची वही तपासण्याची रीत तर आमच्या शाळेत दंतकथा झाली होती. लाल शाई ते वापरत नसत. चूक असलेल्या ओळीच्या समोर समासात पेन्सिलीने एक ठिपका देत आणि वही परत करीत. चूक ऱ्हस्व-दीर्घाची आहे, वाक्यरचनेची आहे की विचाराचीच आहे, हे शोधण्याचे काम विद्यार्थ्याचे. खरी गंमत पुढेच होती. एखादी ओळ विशेष चांगली साधली असेल तर तिच्यासमोरही तसाच ठिपका येई. त्यामुळे ठिपका पाहून ओळ पुन्हा वाचावीच लागे, आणि ती वाईट आहे की चांगली याचा निर्णय स्वतःच करावा लागे. निर्णय करून त्यांच्याकडे गेलो की ते फक्त मान हलवीत, होकारार्थी किंवा नकारार्थी. मी आज पोटासाठी इतरांचे मजकूर संपादित करतो, आणि त्या धंद्यात मला जे काही येते त्यातले बरेचसे त्या ठिपक्यांवर वाद घालताना आलेले आहे.

दुपारी खतखते आणि मानकुराद आंबे झाल्यावर तिसऱ्या कपाटाच्या तळाशी आम्हाला जाडजूड बांधणीची एक हस्तलिखित वही सापडली. ती काय आहे हे वकिलाने पाहताक्षणी ओळखले. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातील कुटुंब आणि वारसा यांविषयीच्या तरतुदी मुक्तीनंतरही चालू राहिल्या, आणि जमिनींची जुनी खरेदीखते, वाटपपत्रे, कोमुनिदादीचे (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे) उतारे हे सारे पोर्तुगीजमध्ये आहे. ज्यांच्या घरात हे कागद होते त्यांतल्या बहुतेकांना ते वाचता येत नव्हते. संध्याकाळी सरांच्या ओटीवर अशी माणसे येत. कुळवाडी, देवळाचे महाजन, विधवा बायका, कधी सासष्टीतला एखादा ख्रिस्ती शेतकरी. सर कागद हातात घेऊन तो आधी मनात वाचीत, मग कोकणीत सावकाश सांगत, आणि कोणी पैसे पुढे केले तर चहाचे कप घेऊन आत निघून जात. वहीत या कागदांत पुन्हापुन्हा येणाऱ्या संज्ञा, जुनी मापे, हस्ताक्षरांतील संक्षेप आणि त्यांचे मराठीतील स्पष्टीकरण त्यांनी वर्षानुवर्षे नोंदवलेले होते. सरांनी एकही पुस्तक लिहिले नाही असे आम्ही शोकसभेत म्हणालो होतो. ते विधान तांत्रिकदृष्ट्या खरेच आहे.

रविवार : बोरी, रायतूर

रविवारी काम बंद ठेवावे असे काकींनीच सुचवले, आणि आम्ही वकिलाच्या गाडीने रायतूरला, म्हणजे राशोलला, गेलो. सर आम्हाला दहावीच्या वर्षी तिथल्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, घेऊन गेले होते. हिंदू मुलांची सहल सेमिनरीत कशासाठी, असे काही पालकांनी विचारल्याचे आठवते. सरांनी त्यांना काय उत्तर दिले ते कळले नाही, पण सहल गेली.

वाटेत बोरी लागते. बा. भ. बोरकरांच्या नावातले हे गाव. बोरकरही काही वर्षे शाळामास्तरच होते, आणि पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यातील मराठी साहित्य किती मोठ्या प्रमाणावर शाळामास्तरांनी उभे केले याचा विचार करण्यासारखा आहे. कथाकार लक्ष्मणराव सरदेसाईही शिक्षक, आणि ते मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज अशा तिन्ही भाषांत लिहिणारे. सांकवाळचे धर्मानंद कोसंबी पालीच्या शोधात घर सोडून गेले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात व हार्वर्डला पाली शिकवून आले. सरांना या माणसांविषयी विलक्षण आदर होता, पण त्यातला कोणताही आदर्श समोर ठेवून ते स्वतः लिहायला बसले नाहीत. अमुक एक वाचायचे राहिले आहे, हे त्यांचे नेहमीचे कारण असे.

पूल ओलांडून लोटलीच्या बाजूने गेलो की झुवारीच्या काठावरच्या उंचवट्यावर रायतूरची पांढरी इमारत दिसते. इथे पूर्वी किल्ला होता. त्याची वेस अजून उभी आहे आणि रस्ता तिच्यातूनच जातो. रविवारची प्रार्थना चालू असल्याने आम्ही बाहेर झाडाखाली थांबलो. ज्या ग्रंथासाठी मराठी माणसाने हे स्थान पाहावे तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण. हा जेझुइट पंथाचा इंग्रज पाद्री २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात पोचला, पुढची चाळीस वर्षे बहुतांशी सासष्टीत राहिला, आणि इथली भाषा इतकी पचवली की त्याने ओवीछंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता, पण नागरी अक्षरांचे खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. स्टीफन्सनेच लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये इथेच छापून निघाले. एखाद्या भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याची नोंद होते.

सहलीच्या दिवशी सरांनी आम्हाला याच आवारात उभे करून ख्रिस्तपुराणातला एक भाग वाचून दाखवला होता, आणि मग, त्यांच्या स्वभावाला न शोभेल इतके सलग, एक गोष्ट सांगितली होती. १६१६ मध्ये ज्या राजवटीत हे पुराण छापले गेले त्याच राजवटीच्या व्हाइसरॉयने, काउंट ऑफ आल्व्होरने, १६८४ मध्ये हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांच्या आत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीजमध्ये व्यवहार करावा. “तीन वर्षांनी काय झाले?” असे कुणीतरी विचारले. सरांनी आवाराबाहेर कोकणीत हाका मारत जाणाऱ्या मासळीवालीकडे बोट दाखवले आणि आम्हाला बसमध्ये बसायला सांगितले.

परतीच्या वाटेवर आमचा जुना वाद निघाला. १९८६ साल गोव्यात राजभाषेच्या आंदोलनात गेले. अखेरीस रस्ते अडवले गेले, जाळपोळ झाली, माणसे मेली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने राजभाषा कायदा संमत केला, कोकणी राजभाषा झाली आणि मराठीचा शासकीय कामासाठी वापर करण्याची तरतूद त्यातच राहिली. त्या काळात दोन्ही बाजूंचे लोक सरांकडे सहीसाठी आले. सरांनी सर्वांना बसवून घेतले, चहा दिला, पावसापाण्याविषयी विचारपूस केली, आणि कोणत्याही कागदावर सही केली नाही. शाळेत काही सहकारी त्यांच्याशी बोलेनासे झाले. वकील त्या वेळी मराठीच्या बाजूने सभा गाजवत होता, आणि सरांचे मौन त्याला आजही खटकते. त्याचे म्हणणे असे की, ज्याला दोन्ही भाषा त्या दोहोंच्या कैवाऱ्यांपेक्षा अधिक येत होत्या त्याने बोलायला हवे होते. लोकांनी कदाचित ऐकले नसते, पण एका जाणत्या माणसाने सांगितले होते एवढे तरी नोंदले गेले असते.

या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तरीही मला दुसरे काही आठवते. त्याच वर्षी संध्याकाळच्या वेळी सरांच्या ओटीवर दोन तरुण पाद्री देवनागरी शिकायला येत, कारण त्यांना जुने मराठी पुराणवाङ्मय मुळातून वाचायचे होते. त्याच ओटीवर, त्याच दिव्याखाली, वकिली शिकणारा माझा हा मित्र पोर्तुगीज शिकत होता. बाहेर घोषणा चालू असताना सरांनी एकही दिवस ती शिकवणी बंद ठेवली नाही, आणि पाद्रींना उशीर झाला तर ते स्वतः कंदील घेऊन त्यांना तिस्का या फोंड्यातल्या चौकापर्यंत पोचवून येत. फोंड्यासारख्या गावात त्या दिवसांत हे कोणाच्या नजरेतून सुटण्यासारखे नव्हते. मला वाटते सरांना जे सांगायचे होते ते त्यांनी सांगितले, आणि ज्यांना ते आवडले नाही त्यांना ते बरोबर समजले होते. वकिलाने मान हलवली, पण ती होकारार्थी नव्हती, आणि गाडी बोरीच्या पुलावर चढली.

सोमवार : पणजी

पोर्तुगीज पुस्तकांविषयी विचारपूस करण्यासाठी सोमवारी आम्ही पणजीला गेलो. पाटोवरचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. १५ सप्टेंबर १८३२ रोजी ते सुरू झाले, आणि १८३४ नंतर बंद पडलेल्या मठांमधील ग्रंथही त्यात येऊन पडले. आजची बहुमजली इमारत प्रशस्त आणि थंडगार आहे. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी अभ्यासिका भरलेली असते आणि त्यात मला वावगे काही दिसत नाही. कर्मचाऱ्यांनी आमची यादी शांतपणे पाहिली, काही पुस्तकांवर खूण केली आणि देणगीच्या अर्जाची पद्धत समजावून दिली. काम अर्ध्या तासात झाले.

सरांचे ग्रंथालय मात्र हे नव्हते. त्यांच्या तरुणपणी ते कांपालकडे जाताना लागणाऱ्या, आता मिनेझिस ब्रागांझा संस्थेचे नाव असलेल्या इमारतीत होते. तिच्या प्रवेशदालनातील निळ्या-पांढऱ्या फरशांवर पोर्तुगीज महाकवी कामोंइशच्या काव्यातील प्रसंग चितारलेले आहेत. जोर्ज कोलासू या चित्रकाराचे हे काम १९३५ चे. लिसेंवचे तास संपले की आल्तिनोच्या टेकडीवरून उतरून सर इथे येत आणि दिवे लागेपर्यंत बसत. दालनात उभे राहून मी त्या फरशा पुन्हा पाहिल्या. चित्रे उत्तम आहेत. ज्याच्या देशावरील स्वारीचे हे गुणगान आहे अशा एका मुलाने रोज त्यांच्याखालून जाऊन, त्याच भाषेतले ग्रंथ तन्मयतेने वाचावे आणि तरी मुक्तीच्या दिवशी घरावर तिरंगा लावण्यात पहिला असावे, हे ज्यांना विसंगत वाटते त्यांना सरांची पिढी कधीच कळणार नाही.

ग्रंथालयाला ज्याचे नाव आहे तो कृष्णदास शामा सोळाव्या शतकातला, सासष्टीतील केळशीचा. कृष्णचरित्रावरील त्याची रचना १५२६ सालची. त्याच्या नावाशी जोडलेले लेखन आज आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयातल्या हस्तलिखितांमुळे. पाद्रींनी भाषा शिकण्यासाठी इथल्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या, आणि मूळ पोथ्या गेल्या तरी त्या नकला परदेशात टिकल्या. आता कवळे येथे असलेली शांतादुर्गा ही त्याच केळशीची. सर रोज संध्याकाळी कवळ्याला चालत जात. एकदा मी बरोबर असताना ते म्हणाले होते, “देवी नदी ओलांडून गेली, पोथ्या समुद्र ओलांडून गेल्या. देवी जवळ होती म्हणून आपण तिचे देऊळ बांधले.” पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

मंगळवार : उसकई, आसगाव

मंगळवारचा प्रवास कामाचा नव्हता. वकिलाला कोर्ट होते, म्हणून मी एकटाच म्हापशाला गेलो आणि तिथून रिक्षा केली. बार्देशातील दोन गावे मला पाहायची होती, कारण सरांच्या टेबलावर कायम असलेले ग्रंथ ज्या दोन माणसांचे होते ती तिथली होती.

उसकईचे मारियानु साल्दाञ पणजीच्या लिसेंवमध्ये मराठी आणि संस्कृत शिकवीत, पुढे लिस्बनला गेले, आणि ब्रागाच्या त्या हस्तलिखितांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. स्टीफन्सची १६२२ मध्ये रायतूरला छापलेली कोकणी प्रश्नोत्तरी त्यांनी १९४५ मध्ये संपादून पुन्हा प्रसिद्ध केली. कालिदासाचे मेघदूतही त्यांनी पोर्तुगीजमध्ये नेले. वैद्यकाचे शिक्षण घेतलेला हा माणूस आयुष्यभर भाषा शिकवत राहिला. गाव शांत आहे, चिंचेच्या झाडांची सावली आहे, आणि मी विचारलेल्या तिघांपैकी कोणालाही त्यांचे नाव माहीत नव्हते.

आसगावची गोष्ट निराळी. आता या गावाचे नाव दिल्ली-मुंबईच्या वर्तमानपत्रांत उपाहारगृहांसाठी आणि बंगल्यांच्या किमतींसाठी येते. अरुंद रस्त्यावर बाहेरगावच्या पाट्यांच्या मोटारींची रांग लागली होती, आणि रिक्षावाला वाटेत प्रत्येक जुन्या घराची आताची किंमत सांगत होता. याच गावात ८ मे १८५५ रोजी सेबास्तियांव रोदोल्फु दाल्गाद यांचा जन्म झाला. ते रायतूरच्या सेमिनरीत शिकले, रोमला जाऊन धर्मशास्त्राचे पंडित झाले, सिलोन, बंगाल, होनावर अशा ठिकाणी धर्मगुरू म्हणून राहिले, आणि जिथे गेले तिथली भाषा शिकले. त्यांचा कोकणी-पोर्तुगीज कोश १८९३ मध्ये मुंबईत छापला गेला, तोही देवनागरीत, रोमन लिप्यंतरासह. नंतर लिस्बनला ते संस्कृत शिकवू लागले. मधुमेहाने दोन्ही पाय गेले, आणि त्यानंतर १९१९ आणि १९२१ मध्ये आशियाई भाषांतून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या शब्दांचा दोन खंडांचा मोठा कोश त्यांनी पुरा केला. ४ एप्रिल १९२२ रोजी लिस्बनलाच त्यांचे देहावसान झाले.

शेवटच्या आजारात, पाय सुजून ओटीपर्यंतही जाता येईना तेव्हा, सर दाल्गाद यांचेच खंड चाळत असत असे काकी सांगतात. त्यांत सांत्वन शोधत होते असे मला वाटत नाही. पहिल्या खंडाच्या समासांत त्यांच्या पेन्सिलीचे ठिपके आहेत. दाल्गादांची चूक काढली की वाहवा केली, हे आता आम्हाला आमचे शोधून काढावे लागणार.

सां काएतानच्या चर्चसमोर थोडा वेळ थांबलो, एका गाड्यावर भाजीपाव खाल्ला आणि दिवस कलण्याआधी फोंड्याला परतलो.

बुधवार : फोंडा

शेवटच्या दिवशी वाटप झाले. पोर्तुगीज आणि फ्रेंच पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयासाठी खोक्यांत भरली. मराठी आणि संस्कृत पुस्तके देवळाजवळच्या गावच्या वाचनालयाने टेम्पो पाठवून नेली. तिथले कार्यवाह सरांचेच विद्यार्थी. त्यांनी पुस्तके दाखलनोंद करण्यापूर्वी आमचे फोटो मागून घेतले आणि निदान एक कपाट सरांनी लावले होते त्याच क्रमाने ठेवून पाहू असे म्हणाले. वर्गीकरणाचे नियम त्यांना ते किती दिवस करू देतील हा प्रश्नच आहे. कोश काकींनी ठेवून घेतले, कारण शेजारची मुले अजून शब्द विचारायला येतात. त्यांना काय सांगायचे हे इतक्या वर्षांत ऐकून ऐकून आपल्याला ठाऊक झाले आहे, असे त्या म्हणाल्या.

जमिनीच्या कागदांच्या वहीवरून मात्र वकिलाची आणि माझी जुंपली. ती ग्रंथालयात सुरक्षित राहावी, अभ्यासकांना मिळावी, असा माझा आग्रह होता. वकिलाचे म्हणणे असे की अभ्यासक वर्षातून एखादा येईल, पण कागद घेऊन येणारी माणसे त्याच्या कचेरीत दर आठवड्याला येतात आणि त्यातले निम्मे अजूनही आधी सरांचे घर विचारतात. आम्ही बराच वेळ बोलत राहिलो. काकी निवडायचे तांदूळ घेऊन ओटीवर आल्या, दोघांचे ऐकून घेतले, आणि वही वकिलाकडे द्यायची, पण त्याआधी तिची झेरॉक्स काढून ती बांधून पणजीला पाठवायची, असा निर्णय त्यांनी दिला. झेरॉक्सचे पैसे मी द्यायचे, कारण ग्रंथालयाचा आग्रह माझा होता. आणि कागद वाचून देण्याबद्दल वकिलाने कोणाकडून फी घ्यायची नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकले. वकिलाने कबूल केले. संध्याकाळी तिस्कावरच्या दुकानात आम्ही दोघांनी उभे राहून वहीचे एकेक पान उलटून दिले. शाई फिकट असल्याने दुकानदाराला यंत्राची छटा दोनदा बदलावी लागली, आणि सगळे आटोपेपर्यंत मडगावची शेवटून दुसरी बस निघून गेली होती.